ही पब्लिक की नक्की कुणाची?

ईमेल गुप्त ठेवण्याचं गणित 1977 मध्येच सुटलं. पुरेशी लांब की वापरली तर आजच्या संगणकांनाही ते मोडता येत नाही. असं असूनही रोजची ईमेल एनक्रिप्ट करून पाठवणारी माणसं जगभरात मूठभरच राहिली. त्या मूठभरांत मीही आहे, आणि आमच्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं: लोकांना खासगीपणाची किंमतच नाही. मला हे अजिबात पटत नाही. अडचणी खऱ्या आहेत, रोजच्या आहेत. त्यांचा माग काढत मागे गेलं की बहुतेक सगळ्या एकाच प्रश्नाच्या पोटी जन्मलेल्या दिसतात. समोर आलेली ही पब्लिक की नक्की कुणाची? गणिताकडे याचं उत्तर नव्हतं, म्हणून हा प्रश्न वापरणाऱ्याच्या गळ्यात बांधला गेला.

ईमेल जन्मली ती एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांत. रे टॉमलिन्सनने 1971 मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला निरोप धाडला. पुढे 1982 मध्ये जॉन पोस्टेलने एसएमटीपीचे नियम लिहिले आणि आजही ईमेल त्याच नियमांवर वाहते. पाठवणारा खरा आहे का हे तपासायची सोय त्यात नव्हती, मजकूर झाकायचीही नव्हती, आणि तेव्हा कुणाला तिची गरजही वाटली नव्हती. त्यानंतरची प्रत्येक सुधारणा या जुन्या नियमांना धक्का न लावता वरून करावी लागली.

दरम्यान नोव्हेंबर 1976 मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांचा तो प्रसिद्ध शोधनिबंध आला. तोवर गुप्त पत्रव्यवहार करायचा तर दोघांकडे एकच की लागे, आणि ती आधी गुपचूप एकमेकांना पोचवावी लागे. या दोघांनी कीचे दोन भाग सुचवले. एक जगाला वाटून टाकायचा, दुसरा जिवापाड जपायचा. पहिल्याने बंद केलेलं फक्त दुसऱ्याने उघडतं. वर्षभरात एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या त्रिकुटाने ही कल्पना प्रत्यक्षात चालवून दाखवली. ऑगस्ट 1977 च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिताना 129 अंकी संख्येवर बेतलेलं एक कोडं वाचकांपुढे ठेवलं, बक्षीस 100 डॉलर. ते सुटायला 1994 साल उजाडलं, तेही सुमारे 600 स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून आपापले संगणक कामाला जुंपल्यावर.

डिफी आणि हेलमन यांनी जाता जाता असंही सुचवलं होतं की प्रत्येकाची पब्लिक की नाव-पत्त्यासह एका सार्वजनिक डिरेक्टरीत ठेवता येईल. ग्यानबाची मेख इथेच आहे. ती डिरेक्टरी कोण सांभाळणार? उद्या कुणी माझ्या नावापुढे स्वतःची की घातली तर मला लिहिलेली पत्रं तो उघडणार, वाचणार, माझ्या खऱ्या कीने पुन्हा बंद करून मला पाठवणार, आणि लिहिणाऱ्याला किंवा मला पत्ताही लागणार नाही. 1978 मध्ये लॉरेन कोहनफेल्डर या एमआयटीच्या विद्यार्थ्याने आपल्या बीएस पदवीच्या प्रबंधात यावर उपाय मांडला. विश्वासू संस्थेने ‘ही की अमक्याची’ असा दाखला स्वतःच्या सहीनिशी द्यावा. आज ज्याला आपण डिजिटल सर्टिफिकेट म्हणतो त्याचा उगम या पदवीच्या प्रबंधात आहे.

या दाखल्यापासून पुढे दोन घराणी निघाली. पहिलं घराणं वरून खाली येणारं. ‘प्रायव्हसी एनहान्स्ड मेल’ म्हणजे पेम या योजनेचे नियम फेब्रुवारी 1993 मध्ये पक्के झाले. सगळ्यांत वर एकच मूळ संस्था, तिच्याखाली इतर संस्था, त्यांच्याखाली माणसं. कागदावर चोख, पण सगळ्या जगाने एकाच मुळाला मान द्यावा यावर एकमत होईना आणि पेम जागच्या जागी राहिली. तिची पुढची पिढी एस-माइम मोठ्या कंपन्यांत आणि सरकारी खात्यांत रुजली. आपल्याकडच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने 2000 साली याच घराण्याला मान्यता दिली आणि डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट आलं. ई-टेंडर भरणाऱ्या ठेकेदाराला, कंपनीच्या संचालकाला हे यूएसबी टोकन चांगलं ओळखीचं आहे. कायद्याचं कलम 42 सांगतं की आपली प्रायव्हेट की आपल्याच ताब्यात हवी. प्रत्यक्षात कितीतरी अशिलांची टोकनं नावाची चिठ्ठी चिकटवून सीएच्या टेबलाच्या खणात पडलेली असतात, आणि पिन त्याच चिठ्ठीवर असतो. लोकांना कायदा मोडायची हौस नसते. दर खेपेला ड्रायव्हर बसवा, ब्राउझर जुळवा, शेवटची तारीख गाठा, यात नाकी नऊ येतात, म्हणून माणूस सही करायचा अधिकारच दुसऱ्याच्या हवाली करून मोकळा होतो.

दुसरं घराणं फिल झिमरमनचं. कोलोराडोतल्या बोल्डर गावचा हा प्रोग्रॅमर अण्वस्त्रविरोधी चळवळीतला कार्यकर्ता होता. 1991 मध्ये अमेरिकी सिनेटपुढे आलेल्या एका विधेयकात, सरकारला हवा तेव्हा उघडा मजकूर मिळावा अशा अर्थाचं कलम होतं. ते मंजूर होण्याआधीच लोकांच्या हाती साधन पडावं म्हणून त्याने घाईघाईने पीजीपी हे ईमेल एनक्रिप्ट करणारं सॉफ्टवेअर पुरं केलं आणि जूनमध्ये फुकट वाटलं. ईमेल म्हणजे पोस्टकार्ड आहे आणि लोकांना लिफाफा मिळायला हवा, ही त्याची मांडणी आजही तितकीच लख्ख वाटते. अमेरिकेच्या कायद्यात तेव्हा असं सॉफ्टवेअर दारूगोळ्याच्या यादीत होतं. इंटरनेटवरून ते देशाबाहेर गेलं आणि झिमरमनमागे फौजदारी चौकशीचा ससेमिरा लागला. तो सुटला जानेवारी 1996 मध्ये, खटला उभा न राहताच. त्याआधी 1995 मध्ये एमआयटी प्रेसने पीजीपीचा सगळा सोर्स कोड जाडजूड पुस्तकात छापला होता, कारण पुस्तकाच्या निर्यातीला बंदी नव्हती.

हा लढा मोठा होताच, पण माझ्या दृष्टीने खरी कलाटणी सप्टेंबर 1992 च्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. ‘की कुणाची’ या प्रश्नाला झिमरमनने वरच्या संस्थेला वगळून उत्तर दिलं. माणसांनीच एकमेकांच्या कीवर सही करायची. मी तुला ओळखतो, तू तिला ओळखतोस, तर तुझ्या सहीवरून मी तिची की खरी मानतो. याला ‘वेब ऑफ ट्रस्ट’ म्हणतात. कुणा सत्तेपुढे हात पसरायचा नाही, हा विचार मला मनापासून आवडतो. पण पेममध्ये जे काम कार्यालय करणार होतं ते आता प्रत्येक वापरणाऱ्याच्या अंगावर पडलं, हेही तितकंच खरं.

हे काम कसं असतं ते की-सायनिंग पार्टीत दिसतं. नावाला पार्टी, पण खाणंपिणं बाजूला. पंचवीस-तीस जण आपापली यादी छापून आणतात. यादीत प्रत्येकाचं नाव आणि त्याच्या कीचा फिंगरप्रिंट म्हणजे 40 चिन्हांची ओळ: चार-चारचे दहा गट, 0 ते 9 आकडे आणि ए ते एफ अक्षरं. आधी सगळ्यांच्या हातात एकच यादी आहे ना, हे एक जण मोठ्याने वाचून खात्री करतो. मग प्रत्येक जण आपला फिंगरप्रिंट यादीत बरोबर छापला आहे, असं सर्वांसमक्ष सांगतो. मग दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि एकेक घर सरकत पासपोर्ट किंवा लायसन्स दाखवतात; फोटो, नाव, चेहरा जुळला की यादीत बरोबरची खूण. सह्या तिथे करायच्या नसतात. घरी जाऊन, एकेक की उतरवून, पुन्हा ताडून, सही करून ज्याची त्याला एनक्रिप्टेड मेलने पाठवायची. डेबियन ही लिनक्स प्रणाली बांधणाऱ्या लोकांत ही रीत आजही टिकून आहे, कारण तिथे डेव्हलपर व्हायचं तर आधीच्या डेव्हलपरची आपल्या कीवर सही लागते. जर्मनीतल्या मुलाला असा सहीवाला शेजारच्या गावी सापडतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं एखाद्या परिषदेची वाट पाहावी लागायची. सप्टेंबर 2023 मध्ये डेबियनची परिषद, डेबकॉन, कोचीला भरली तेव्हा इथल्या लोकांना जगभरचे डेबियनवाले एका छताखाली भेटले.

ज्यांचं काम असल्या सहीवर चालतं त्यांनी एवढी यातायात केली तर नवल नाही. पण वकील, बातमीदार, डॉक्टर? 1999 मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी याची परीक्षा घेतली. ईमेल सराईतपणे वापरणाऱ्या 12 जणांना त्यांनी पीजीपी 5.0 देऊन बसवलं आणि एका निवडणूक प्रचाराचा गुप्त कार्यक्रम सहकाऱ्यांना एनक्रिप्ट करून पाठवा असं सांगितलं. वेळ 90 मिनिटं. फक्त चौघांना ते धड जमलं. तिघांनी तर गुप्त मजकूर उघडाच पाठवून दिला. सगळ्यांत जास्त घोटाळा झाला तो हा, की पत्र ज्याला जायचं त्याच्या कीऐवजी लोकांनी स्वतःचीच पब्लिक की वापरली. ज्यांनी रोज कीचा विचार केलेला नाही त्यांना ‘याची की की माझी की’ हा प्रश्न पडणारच. 2015 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ब्राउझरमध्ये चालणारं मेलव्हेलप घेऊन अशीच परीक्षा घेतली. दहा जोड्या बसल्या, जमलं एकीला. मधल्या सोळा वर्षांत पडदे देखणे झाले, पण प्रश्न तसाच राहिला.

जाणकारांचीही यातून सुटका नसते. एडवर्ड स्नोडेनने डिसेंबर 2012 मध्ये पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्डला निनावी पत्र लिहून पीजीपी बसवायची गळ घातली, मग खास त्याच्यासाठी व्हिडिओही करून पाठवला. ग्रीनवाल्डकडून ते काही झालं नाही. म्हणून स्नोडेन माहितीपट बनवणाऱ्या लॉरा पॉइट्रसकडे वळला, पण तिची की मिळेना. 11 जानेवारी 2013 रोजी त्याने मायका ली या सुरक्षातज्ज्ञाला एनक्रिप्टेड पत्र धाडलं आणि स्वतःची की जोडायला विसरला. आता लीने त्याला एनक्रिप्ट करून उत्तर द्यावं तरी कसं? आधी उघड्या मेलने की मागवावी लागली. पुढे पॉइट्रसची की मिळाली, तेव्हा ती खरीच तिची कशावरून, हा प्रश्न उभा राहिला, आणि स्नोडेनच्या सांगण्यावरून लीने तिचा फिंगरप्रिंट ट्विटरवर जाहीर केला. एका देशाच्या हेरखात्यात काम केलेला माणूस, सुरक्षेत मुरलेला दुसरा माणूस, आणि दोघांची निम्मी शक्ती ‘की कुणाची’ यातच खर्च झाली.

डिरेक्टरीचं पुढे काय झालं? ती की-सर्व्हरांच्या रूपाने खरंच आली. नव्वदच्या दशकात हे सर्व्हर बांधणाऱ्यांना भीती होती ती सरकारांची: उद्या हुकूम सोडून एखाद्याची की पुसायला लावली तर? म्हणून त्यात भर घालता येई, पुसता काहीच येत नसे. कुणीही कुणाच्याही नावाने की चढवावी, सर्व्हर विचारत नसे. लोक 40 चिन्हांऐवजी शेवटची आठच पाहून की उतरवत. 2014 मध्ये दोघांनी दाखवून दिलं की ती आठ चिन्हं जुळणारी बनावट की काही सेकंदांत तयार होते. 2016 मध्ये लिनक्सकर्त्या लिनस टॉरवाल्ड्ससारख्यांच्या नावाच्या नकली की सर्व्हरवर सापडल्या. शेवटचा घाव जून 2019 मध्ये बसला. अज्ञात माणसांनी रॉबर्ट हॅन्सन आणि डॅनियल कान गिलमोर या ओपनपीजीपी म्हणजे पीजीपीच्या खुल्या मानकावर वर्षानुवर्षं राबलेल्या दोघांच्या कीवर हजारो भंकस सह्या चढवल्या. की एवढी फुगली की ती उतरवणाऱ्याचा जीएनयूपीजी, म्हणजे पीजीपीचा खुला पर्यायच, गळपटायचा. आणि पुसायची सोय नव्हतीच. त्याच महिन्यात सुरू झालेला नवा सर्व्हर ईमेल पत्त्याची खात्री केल्याशिवाय त्या पत्त्यावरून की शोधू देत नाही आणि इतरांच्या सह्या वाटत नाही. म्हणजे वेब ऑफ ट्रस्टचा धागा तिथे तुटला.

आता रोजच्या वापराकडे येऊ. विषयाची ओळ 1982 च्या नियमांप्रमाणे उघडीच जाते. आत सगळं झाकलेलं आणि वर ‘घटस्फोटाची कागदपत्रं’ असं ठळक लिहिलेलं. थंडरबर्डने 2020 पासून ओपनपीजीपी स्वतःत सामावून घेतल्यावर विषयाच्या जागी तीन टिंबं पाठवायला सुरुवात केली. त्यामुळे झाकलं जातं, पण समोरच्याकडे तशी सोय नसेल तर त्याच्या इनबॉक्समध्ये तीन टिंबांची पन्नास पत्रं साठतात. पाठवणारा कोण, मिळणारा कोण, कधी, किती वेळा, हे तर झाकताच येत नाही. शोध चालत नाही, कारण सर्व्हरला मजकूर वाचता येत नाही. नवा फोन घेतला की प्रायव्हेट की तिथे न्यायची कशी, हा पेच. दोन वर्षांची मुदत घातलेली की संपली की दहा जणांना नवी पाठवा. त्यातले तिघे जुनीच वापरत राहतात. आणि सगळं बिनचूक करूनही समोरचा घाईत उत्तर देतो तेव्हा तुमचं पूर्ण पत्र खाली उघडं चिकटवून देतो.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला आणखी थोडं जास्त आलं. पीजीपीची जुनी पद्धत मजकुराच्या ठोकळ्यावर चालायची आणि तो कुठल्या एन्कोडिंगमध्ये आहे याची नोंद बहुधा नसायची. उघडल्यावर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. पीजीपी-माइमने ते दुखणं बरंच कमी केलं. पासफ्रेजमधला खड्डा मात्र अजून उघडा आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी साठतो. एका कीबोर्डवरून ऱ हे वेगळं अक्षर आणि त्याला हलन्त, तर दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. पण पासफ्रेज पडताळणारं गणित अक्षर पाहत नाही, बाइट पाहतं. ऑफिसच्या संगणकावर ठेवलेली पासफ्रेज घरच्या संगणकावर हुबेहूब टाइप करा. उत्तर येतं, पासफ्रेज चुकीची. आणि ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण इथे नसतं. मराठी पासफ्रेज ठेवायचीच असेल तर असे शब्द टाळा.

ही सगळी इमारत किती थोड्या खांद्यांवर उभी होती, ते फेब्रुवारी 2015 मध्ये जगाला कळलं. पीजीपी कंपन्यांच्या हातून फिरत राहिलं, तेव्हा जर्मनीच्या वेर्नर कोखने 1997 पासून जीएनयूपीजी हा खुला पर्याय लिहिला आणि पहिली पक्की आवृत्ती सप्टेंबर 1999 मध्ये दिली. त्याच जीएनयूपीजीवर लिनक्सच्या अपडेटची खात्री चालते, पत्रकारांचे स्रोत विसंबतात. आणि तो माणूस जवळपास एकट्याने, पैशाची ओढाताण सोसत ते चालवत होता. प्रोपब्लिकाने त्यावर लिहिल्यावर देणग्यांचा ओघ सुरू झाला, फेसबुक आणि स्ट्राइपने वर्षाला प्रत्येकी 50,000 डॉलर द्यायचं कबूल केलं. मला या बातमीचा आनंद झाला आणि संतापही आला, कारण ही मदत पंधरा वर्षं आधी मिळायला हवी होती.

सरकारांना या प्रश्नात वेगळाच रस असतो. आपल्याकडे सप्टेंबर 2015 मध्ये राष्ट्रीय एनक्रिप्शन धोरणाचा मसुदा आला. नागरिकांनी एनक्रिप्ट केलेल्या मजकुराची उघडी प्रत 90 दिवस जपून ठेवावी, असं त्यात होतं. गदारोळ झाला आणि मसुदा लगेच मागे घेतला गेला. कलम 69 मात्र कायद्यात आहे. अधिकृत आदेश असताना उघडून द्यायला नकार दिला तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच सरकारची सर्ट-इन ही संस्था सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी कळवण्यासाठी स्वतःची पीजीपी की जाहीर करते, आणि ते योग्यच आहे.

याच सुमारास आमच्यातले काही जुने जाणते पीजीपीपासून दूर झाले. मुख्य कारण असं, की प्रायव्हेट की एकदा चोरीला गेली तर मागची सगळी साठवलेली पत्रं एकदम उघडतात. मे 2018 मध्ये ‘ईफेल’ नावाची त्रुटी बाहेर आली: एचटीएमएल मेल दाखवणाऱ्या प्रोग्रॅमकडूनच उघडलेला मजकूर बाहेर पाठवून घेता येत होता. चॅटवाल्यांनी दर निरोपाला नवी की वापरून पहिली अडचण निकालात काढली. सिग्नल त्यात पुढे होतं, आणि एप्रिल 2016 मध्ये व्हॉट्सॲपने तेच तंत्र 100 कोटींहून जास्त लोकांना, त्यांना काहीही करायला न लावता, देऊन टाकलं. पीजीपीला पंचवीस वर्षांत जे साधलं नाही ते एका अपडेटने साधलं, आणि मी त्याचं मनापासून स्वागत करतो.

पण मूळ प्रश्न तिथेही मिटलेला नाही, फक्त नजरेआड गेला आहे. तुमच्या बहिणीची पब्लिक की कोणती, हे तुमच्या फोनला कंपनीचा सर्व्हर सांगतो. 1976 ची ती डिरेक्टरी आता कंपनीच्या हातात आहे. ती गुपचूप बदलता येऊ नये म्हणून अलीकडे कीची नोंदवही बाहेरच्यांना तपासता येईल अशी ठेवायला सुरुवात झाली आहे. व्हॉट्सॲपने 2023 मध्ये तसं जाहीर केलं. उपाय चांगला आहे. पण त्याच्या जोडीला तुमच्या हातातला उपाय व्हॉट्सॲपमध्ये पहिल्यापासून आहे. संपर्काच्या माहितीत ‘एनक्रिप्शन’वर बोट ठेवलं की 60 आकडे आणि एक क्यूआर कोड दिसतो; ते समोरच्याच्या फोनवरच्याशी जुळले तर की खरोखर त्याचीच.

माझं मत विचाराल तर वकील, शोधपत्रकार, त्रुटी कळवणारे संशोधक यांनी ईमेलसाठी पीजीपी शिकावं, फिंगरप्रिंट पूर्ण 40 चिन्हांचा ताडावा, आणि की तयार केली त्याच दिवशी ती रद्द करण्याचा दाखला कागदावर छापून ठेवावा. बाकीच्यांनी ज्यांच्याशी खरोखर नाजूक बोलणं होतं त्यांचा क्यूआर कोड पुढच्या भेटीत एकदा स्कॅन करावा. आणि सेटिंग्जमध्ये, अकाउंटखाली, सिक्युरिटी नोटिफिकेशन्स असा पर्याय आहे. तो मुळात बंद असतो. समोरच्याची की बदलली तर कळावं म्हणून तो आजच चालू करा.